वेबसाइटचा हिशेब ब्राउझरने करावा की सर्व्हरने?

तुमचा प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो नीट कळला आहे की नाही हे तुम्हालाही पाहता येईल. कोथरूडमधील बारा महिलांचा एक गट दर वर्षी दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी फोनवर घेतो आणि वहीत उतरवतो. यंदा त्यासाठी वेबसाइट करून देण्याचे काम तुमच्याकडे आले आहे. तुम्हाला एचटीएमएल (पानाचा मजकूर आणि मांडणी लिहिण्याची भाषा) आणि जावास्क्रिप्ट (ब्राउझरमध्ये चालणारी भाषा) बऱ्यापैकी येते. पीएचपी, ही सर्व्हरवर चालणारी भाषा, कॉलेजात एका सत्रापुरती झाली आहे. एका मित्राचे म्हणणे असे की सगळे काम ब्राउझरमध्येच करावे आणि सर्व्हर, म्हणजे वेबसाइट जिथे ठेवलेली असते तो संगणक, केवळ माहिती साठवण्यापुरता ठेवावा, कारण पीएचपी आता जुनी झाली. दुसरा सांगतो की सगळे सर्व्हरवरच ठेवावे आणि जावास्क्रिप्टच्या वाटेला जाऊ नये. कोणाचे ऐकावे, असे तुम्ही विचारले आहे.

मी २००७ पासून पुण्यात लहान आणि मध्यम आकाराच्या वेबसाइट्स करते आहे आणि हा प्रश्न मला दर वर्षी कोणी ना कोणी विचारते. माझे मत असे आहे की तुमचे दोन्ही मित्र वेबसाइट ही एकसंध वस्तू आहे असे धरून उत्तर देत आहेत, आणि गल्लत तिथेच होते. फराळाची एक ऑर्डर घ्यायची म्हणजे पंधरा-वीस लहान लहान निर्णय असतात: चकलीचा भाव काय, दोन किलोचे किती झाले, हा पत्ता आपल्या पोहोचवण्याच्या टापूत येतो का, ऑर्डर घेण्याची मुदत संपली का, अनारसे अजून शिल्लक आहेत का, पैसे खरोखर जमा झाले का. यांतील प्रत्येक निर्णयाची जागा वेगळी ठरते. तेव्हा संपूर्ण वेबसाइट कशात करावी हा प्रश्न बाजूला ठेवून प्रत्येक निर्णयाबाबत एवढेच विचारावे, की इथे चुकीचे उत्तर आले तर भुर्दंड कोणाला बसेल. भुर्दंड गटाला बसणार असेल तर तो निर्णय सर्व्हरने घ्यायचा. गैरसोय फक्त समोरच्या गिऱ्हाइकाची होणार असेल तर तो ब्राउझरवर सोपवायला हरकत नाही.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, हे आधीच सांगितलेले बरे. गट वर्षाला साठ ऑर्डरी घेतो की सहाशे, पैसे ऑनलाइन घ्यायचे आहेत की डबे पोहोचवताना रोख, आणि पुढच्या वर्षी तुम्ही नोकरीनिमित्त दुसरीकडे गेलात तर ही वेबसाइट कोण सांभाळणार, या तिन्हींवर माझा सल्ला बदलतो. साठ ऑर्डरी आणि रोख पैसे, एवढाच व्याप असेल तर गूगल फॉर्म आणि त्याला जोडलेली स्प्रेडशीट यांवर या वर्षीचे काम भागेल, आणि तसे सांगण्यात मला काहीही कमीपणा वाटत नाही. पुढचे सगळे लिखाण ऑर्डरी काही शेकड्यांत आहेत आणि निदान निम्मे लोक ऑनलाइन पैसे भरणार आहेत, असे धरून आहे.

आता मुळापासून. गिऱ्हाइकाने वेबसाइटचा दुवा दाबला की त्याचा ब्राउझर सर्व्हरकडे पानाची मागणी पाठवतो. सर्व्हरवरची स्क्रिप्ट, मग ती पीएचपीत असो, पायथनमध्ये असो की नोड.जेएसवर (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारे साधन) चालणारी असो, ती मागणी वाचते, डेटाबेसमधून लागेल ते काढते, एचटीएमएलचे पान तयार करते आणि पाठवून देते. ती स्क्रिप्ट गिऱ्हाइकाला कधीच दिसत नाही. दिसतो तो तिचा परिणाम. ब्राउझरसाठी लिहिलेल्या जावास्क्रिप्टचे मात्र तसे नाही. ती पानाबरोबर जशीच्या तशी गिऱ्हाइकाच्या फोनवर जाते आणि तिथे चालते. एकदा ती तिकडे गेली की ती त्याच्या ताब्यात असते. तो ती वाचू शकतो, बदलू शकतो, वाटल्यास बंदही करू शकतो, आणि तुमचे पान न उघडता तुमच्या सर्व्हरला हवी ती मागणी हाताने लिहून पाठवू शकतो. यात त्याने काही फोडले किंवा चोरले असे होत नाही, कारण वेबची रचनाच पहिल्यापासून अशी आहे.

हे मी पुस्तकात वाचले होते, पण कळले ते २००९ मध्ये. एका संस्थेच्या वार्षिक प्रदर्शनातील गाळे ऑनलाइन आरक्षित करण्याचे पान मी लिहिले होते. गाळ्याचे भाडे ४,५०० रुपये होते. गाळ्यांची संख्या निवडली की जावास्क्रिप्ट एकूण रक्कम काढत असे, ती फॉर्ममधल्या एका न दिसणाऱ्या रकान्यात ठेवत असे, आणि फॉर्म पाठवला की सर्व्हर तीच रक्कम उचलून पैसे भरण्याच्या पानाकडे देत असे. तीन आठवडे सगळे सुरळीत चालले. मग संस्थेच्या खजिनदारांनी बँकेचे उतारे आणि आरक्षणाची यादी शेजारी ठेवून ताळा केला, तेव्हा एका गाळ्यासमोर ४५ रुपये जमा दिसले. आमच्याकडे पावती रीतसर निघालेली होती, आरक्षण पक्के झालेले होते आणि सर्व्हरच्या नोंदीत कुठलीही चूक नव्हती.

माझ्या शेजारी बसणाऱ्या सहकारी मुलीने फायरफॉक्स ब्राउझरमध्ये फायरबग हे पानाचा आतला भाग पाहण्याचे आणि बदलण्याचे साधन उघडले, त्या न दिसणाऱ्या रकान्यावर दोनदा क्लिक केले, ४५०० च्या जागी ४५ लिहिले आणि फॉर्म पाठवला. या सगळ्याला अर्धा मिनिटही लागला नाही. आता तर फायरबगसारखे वेगळे काही बसवावेही लागत नाही. संगणकावर एफ-१२ ची कळ दाबली की बहुतेक ब्राउझरमध्ये तसेच साधन समोर येते. तो रकाना लपवला म्हणजे सुरक्षित झाला, असे मी समजून चालले होते. संस्थेची मी क्षमा मागितली, फरक भरून दिला, आणि तेव्हापासून एक नियम पाळते: ब्राउझरकडून फक्त गिऱ्हाइकाची निवड स्वीकारायची, हिशेब कधीही स्वीकारायचा नाही.

तुमच्या बाबतीत याचा अर्थ असा होतो. गिऱ्हाइकाने दोन किलो भाजणीची चकली आणि एक किलो चिवडा निवडला, तर ब्राउझरने सर्व्हरला एवढेच सांगावे की चकली दोन, चिवडा एक, पिन कोड ४११०३८. चकलीचा भाव ५६० रुपये, चिवड्याचा ४८०, पोहोचवण्याचे ६०, म्हणून एकूण १,६६० रुपये, हे सर्व्हरने स्वतःच्या डेटाबेसमधले भाव वाचून काढावे. पडद्यावर गिऱ्हाइकाला लगेच दिसावे म्हणून तोच हिशेब जावास्क्रिप्टनेही करायला हरकत नाही, किंबहुना करावाच. पण ती आकडेमोड गिऱ्हाइकाच्या माहितीसाठी आहे. पैसे मागायचे ते सर्व्हरने काढलेल्या आकड्याचे. सवलतीचे सांकेतिक शब्दही याच कारणाने ब्राउझरमध्ये ठेवू नयेत, कारण पानाचा स्रोत उघडणाऱ्याला ते सगळे एका ओळीत वाचायला मिळतात.

मुदतीचा प्रश्न याहून नाजूक आहे, आणि फराळाच्या धंद्यात तो हटकून येतो. पुण्यातल्या आईवडिलांसाठी अमेरिकेतील मुलगा किंवा मुलगी ऑर्डर नोंदवते, हे दर दिवाळीत घडते. समजा तुम्ही २५ तारखेच्या रात्री बारा वाजता ऑर्डरी बंद करायचे ठरवले आणि ती तपासणी जावास्क्रिप्टवर सोपवली. जावास्क्रिप्ट वेळ विचारते ती ज्या उपकरणावर ती चालते त्याला. आपल्याकडे २६ तारीख लागते तेव्हा कॅलिफोर्नियात, तिथली उन्हाळी वेळ चालू असेल तर, २५ तारखेचे सकाळचे साडेअकरा वाजलेले असतात. म्हणजे तिथल्या फोनच्या मते तुमची मुदत संपायला अजून साडेबारा तास शिल्लक आहेत. इकडे गटातील महिलांनी भाजणी दळून आणलेली असते, तेलाचे आणि डाळीचे प्रमाण ठरलेले असते, आणि यादी लांबतच जाते. शिवाय कोणीही स्वतःच्या फोनचे घड्याळ हाताने मागे घेऊ शकतो, तो मुद्दा वेगळाच. म्हणून वेळ नेहमी सर्व्हरची धरावी, डेटाबेसमध्ये ती जागतिक प्रमाणवेळेनुसार साठवावी आणि मुदत तपासताना भारतीय वेळेनुसार, म्हणजे साडेपाच तास मिळवून, पाहावी. "मुदत संपायला इतके तास राहिले" अशी पाटी ब्राउझरने खुशाल दाखवावी.

शिल्लक मालाचेही तसेच आहे, फक्त तिथले कारण निराळे आहे. तिथे कोणी लबाडी करण्याची गरजच नसते. अनारसे करणाऱ्या बाई एकच असतील आणि त्यांनी वीस किलोच होतील असे सांगितले असेल, तर शेवटचा एक किलो राहिलेला असताना दोन घरांतून दोन जण एकाच मिनिटाला तो निवडू शकतात. दोघांच्याही फोनवर "एक किलो शिल्लक" असेच दिसत असते आणि दोघेही आपापल्या परीने बरोबर असतात. त्या दोघांची गाठ पडते ती फक्त सर्व्हरच्या डेटाबेसमध्ये, म्हणून हा निर्णय दुसरीकडे कुठे होऊच शकत नाही. सर्व्हरवरही तो लिहिताना आधी शिल्लक वाचायची, मग पाहायची आणि मग वजा करायची, अशा तीन पायऱ्या केल्या तर मधल्या क्षणात दुसरी ऑर्डर घुसते. "शिल्लक मागणीइतकी किंवा जास्त असेल तरच वजा कर" असे एकच वाक्य डेटाबेसला द्यावे आणि त्याने किती ओळी बदलल्या ते पाहावे. शून्य ओळी बदलल्या असतील तर त्या गिऱ्हाइकाला नम्रपणे नाही म्हणावे.

पैशांबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण तुम्ही "पेमेंट झाले की जावास्क्रिप्टमधून ऑर्डर पक्की करीन" असे म्हटले आहे आणि ते करू नये अशी माझी कळकळीची विनंती आहे. पैसे घेणाऱ्या सेवा साधारणपणे तुम्हाला दोन किल्ल्या देतात, एक उघड आणि एक गुप्त. उघड किल्ली ब्राउझरमध्ये चालते. गुप्त किल्ली सर्व्हरवरच, तीही वेबसाइटच्या सार्वजनिक फोल्डरच्या बाहेर ठेवायची. पैसे भरून झाले की ब्राउझरकडे व्यवहाराच्या क्रमांकाबरोबर एक सही, म्हणजे आकड्या-अक्षरांची एक ओळ, येते. अनेक सेवांत ती एचमॅक आणि शा-२५६ या पद्धतीने गुप्त किल्ली वापरून तयार केलेली असते. सर्व्हरने स्वतःच्या गुप्त किल्लीने तीच सही पुन्हा काढून जुळवायची. जुळली तरच व्यवहार खरा मानायचा. ब्राउझरने नुसते "यशस्वी" म्हटले याला पुरावा म्हणता येत नाही, कारण ते वाक्य कोणीही लिहून पाठवू शकतो.

याची उलट बाजू मला जास्त वेळा पाहायला मिळाली आहे. गिऱ्हाईक प्रामाणिक असते, पैसेही जातात, पण ऑर्डर नोंदली जात नाही. यूपीआयने पैसे भरताना फोन तुमच्या पानावरून पैशांच्या ॲपमध्ये जातो. फोनची मेमरी कमी असेल तर तेवढ्या वेळात मागे राहिलेले पान बंद करून टाकले जाते. गिऱ्हाईक पिन टाकते, पैसे जातात, हिरवी खूण दिसते आणि ते समाधानाने फोन खाली ठेवते. तुमच्या पानावरची जावास्क्रिप्ट तोवर उरलेलीच नसते, मग सर्व्हरला कळवणार कोण? यासाठी पैसे घेणाऱ्या सेवेचा सर्व्हर थेट तुमच्या सर्व्हरला निरोप पाठवतो, त्याला वेबहुक म्हणतात. ऑर्डर त्या निरोपावर पक्की करावी. तो निरोप दोनदाही येऊ शकतो, म्हणून व्यवहाराचा क्रमांक आधीच नोंदलेला असेल तर दुसऱ्यांदा काही करायचे नाही, हेही लिहून ठेवावे.

एवढे वाचून तुमच्या दुसऱ्या मित्राचेच बरोबर आहे, असे वाटू लागले असेल. तसे नाही. ब्राउझरमध्ये जे काम होते त्याची किंमत मला पुरेपूर ठाऊक आहे, आणि चांगल्या व वाईट वेबसाइटमधला जो फरक गिऱ्हाइकाला जाणवतो तो बहुतांशी तिथेच असतो. किलोचा आकडा बदलला की बेरीज त्याच क्षणी बदलली पाहिजे. पिन कोड टाकताच "इथे आम्ही पोहोचवतो" किंवा "इथे कुरियरने जाईल" हे दिसले पाहिजे. सारा फॉर्म भरून पाठवल्यावर पान पुन्हा उघडावे, वर लाल अक्षरांत "चूक" असे यावे आणि भरलेला पत्ता पुसला जावा, हा अनुभव पासष्ट वर्षांच्या बाईंना दिला तर त्या फोन उचलतात आणि गटातल्या ओळखीच्या कुणाला तरी ऑर्डर सांगतात. मग वेबसाइट केली कशाला? "ऑर्डर नोंदवा" हे बटण एकदा दाबल्यावर लगेच निष्क्रिय करावे, हेही ब्राउझरचेच काम, कारण नेटवर्क मंद असले की माणूस ते पुन्हा पुन्हा दाबतो. अर्थात प्रत्येक फॉर्मला सर्व्हरने एक क्रमांक देऊन तोच क्रमांक दुसऱ्यांदा आल्यास नवी ऑर्डर घेऊ नये, हा बंदोबस्त मागे असावाच.

एकच तपासणी दोन्हीकडे लिहायची म्हटल्यावर मराठी वेबसाइटला एक अडचण येते, तिच्याकडे इंग्रजी पुस्तके कधी लक्ष वेधत नाहीत. अनेक लोकांच्या फोनवर मराठी कळफलक असतो आणि तो देवनागरी अंक देतो. त्यांनी मोबाइल क्रमांक देवनागरीत लिहिला तर जावास्क्रिप्टची नेहमीची अंकांची तपासणी तो नाकारते, कारण तिच्या लेखी अंक म्हणजे फक्त इंग्रजी शून्य ते नऊ. गिऱ्हाइकाने तर दहा आकडे बिनचूक लिहिलेले असतात. "योग्य क्रमांक लिहा" असे त्याला सांगणे हा मला त्याचा अपमान वाटतो. आधी देवनागरी अंकांचे इंग्रजी अंक करून घ्यावेत आणि मग दहा आकडे आहेत का, पहिला आकडा सहा ते नऊ यांपैकी आहे का, हे पाहावे. हे रूपांतर ब्राउझरमध्येही करावे आणि सर्व्हरवरही करावे.

तसाच घोळ अक्षरे मोजण्यात होतो. पत्त्यासाठी शंभर अक्षरांची मर्यादा ठेवली, तर जावास्क्रिप्ट "पुणे" या शब्दाची लांबी चार मोजते: प, उकार, ण आणि मात्रा. पीएचपीचे साधे लांबी मोजणारे फंक्शन बाइट मोजते, आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटचे असल्यामुळे त्याला "पुणे" बारा लांबीचे दिसते. परिणाम असा की ब्राउझरने पत्ता मान्य केला आणि सर्व्हरने तो मध्येच तोडला, "सदाशिव पेठ, पेरू गेटाजवळ" यातले "गेटाजवळ" गेले आणि डबे घेऊन जाणारा मुलगा पेठेत फिरत राहिला. पीएचपीत यासाठी बहुबाइट अक्षरांसाठीची वेगळी फंक्शन्स आहेत, तीच वापरावीत. इंग्रजी पत्त्यांवर चाचणी केली तर ही चूक सापडत नाही, म्हणून चाचणीचे पत्ते मराठीतच लिहावेत.

आता पहिल्या मित्राच्या सल्ल्याकडे येते. त्याच्या पद्धतीत सर्व्हर जवळजवळ रिकामे पान पाठवतो, त्यामागोमाग जावास्क्रिप्टचे मोठे गाठोडे येते, आणि ते फोनवर उघडून चालू झाले की मग ते सर्व्हरकडून माहिती मागवून पान रंगवते. माझ्या टेबलावरच्या लॅपटॉपवर आणि कार्यालयाच्या जोडणीवर हे अतिशय देखणे चालते. काही वर्षांपूर्वी मी एका वाचनालयाची पुस्तकांची यादी अशीच केली होती. वारज्याच्या एक वृद्ध सभासद आपला फोन घेऊन वाचनालयात आल्या आणि मी तिथे होते म्हणून त्यांनी तो माझ्याच हातात दिला. मी दुवा दाबला. पांढरा पडदा. भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा मी पाहत होते; अकरा सेकंद गेल्यावर पहिली ओळ उमटली. त्या बाईंनी "नेहमी असंच होतं, म्हणून मी बंद करते" असे शांतपणे सांगितले. त्यांचे नेटवर्क ठीक होते. स्वस्त फोनच्या प्रोसेसरला ते गाठोडे वाचून, समजून घेऊन चालवायलाच इतका वेळ लागत होता. तेवढ्याच आकाराचे छायाचित्र असते तर ते फक्त उलगडून दाखवायचे होते; जावास्क्रिप्ट मात्र चालवावी लागते, आणि तो भार फोनवर पडतो. ती यादी मी नंतर सर्व्हरवर तयार होणाऱ्या साध्या पानांत परत लिहिली.

दुसरी अडचण व्हॉट्सॲपची आहे. तुमच्या गटाची जाहिरात बहुतेक सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांतूनच होणार. तिथे दुवा टाकला की खाली जे छोटे चित्र आणि शीर्षक येते ते पानाच्या मूळ एचटीएमएलमधून वाचले जाते. त्यासाठी जावास्क्रिप्ट चालवली जात नाही. शीर्षक आणि चित्र जर जावास्क्रिप्टने मागाहून भरले तर चकलीचे चित्र येण्याऐवजी नुसता निळा दुवा दिसेल. गूगलचा शोधयंत्रणेसाठी पाने वाचणारा कार्यक्रम जावास्क्रिप्ट चालवतो, त्यामुळे तिकडे तितकी काळजी नाही, पण तुमचे गिऱ्हाईक गूगलवरून येणार नाही.

सर्व्हर कुठे आहे यानेही फरक पडतो. पुण्यापासून अमेरिकेचा पूर्व किनारा सुमारे तेरा हजार किलोमीटर दूर आहे आणि काचतंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे एका फेरीला निदान १३० मिलिसेकंद हवेतच, आणि प्रत्यक्षात त्याहून बरेच जास्त लागतात. मुंबईतला सर्व्हर घेतला तर ही कटकट जवळपास संपते. स्वस्त होस्टिंग, म्हणजे वेबसाइट ठेवायला सर्व्हरवरची भाड्याची जागा, घेताना एवढे मात्र विचारून घ्यावे.

"पीएचपी जुनी झाली" या युक्तिवादाबद्दल एकच सांगते. पीएचपीची साधने रासमुस लेरडॉर्फ यांनी १९९५ मध्ये लोकांसाठी खुली केली आणि जावास्क्रिप्ट ब्रेंडन आइक यांनी नेटस्केपमध्ये लिहिली तीही १९९५ मध्येच, अवघ्या दहा दिवसांत. दोघी एका वयाच्या आहेत. २००४ मध्ये जीमेल आणि २००५ मध्ये गूगल मॅप्स आले, पान पुन्हा न उघडता माहिती बदलता येते हे सर्वांनी पाहिले आणि काम ब्राउझरकडे सरकू लागले. २००९ मध्ये नोड.जेएसमुळे जावास्क्रिप्ट सर्व्हरवरही रुळली. २०१३ मध्ये रिॲक्ट हे जावास्क्रिप्टने पाने रंगवणारे साधन आले तेव्हा सगळे ब्राउझरमध्ये करण्याची लाट उसळली, आणि तीन वर्षांत नेक्स्ट.जेएससारख्या साधनांनी रिॲक्टची पाने सर्व्हरवर तयार करून पाठवायला सुरुवातही केली. भाषा कोणती यावरून काम कुठे करावे हे ठरत नाही. तुम्हाला जावास्क्रिप्टच नीट येत असेल तर सर्व्हरवर नोड वापरा. वर सांगितलेले सगळे तसेच्या तसे लागू होते.

एका ठिकाणी मात्र मी तुमच्या पहिल्या मित्राशी पूर्ण सहमत आहे. गटाला स्वतःसाठी एक पडदा लागेल, जिथे आज कोणत्या ऑर्डरी भरायच्या, कोणत्या भरून झाल्या, कोणते डबे कर्वेनगरच्या फेरीत जायचे, हे दिसेल. तो पडदा सकाळी एकदा उघडला की रात्रीपर्यंत एकाच टॅबलेटवर उघडा राहणार, पिठाच्या हाताने त्यावर खुणा होणार आणि मध्येच वायफाय गेले तरी काम थांबून चालणार नाही. इथे पहिले पान उघडायला चार सेकंद लागले तरी बिघडत नाही, आणि नंतरची प्रत्येक खूण तत्काळ उमटली पाहिजे. हे खास ब्राउझरमध्ये करण्याचे काम आहे: यादी एकदा आणावी, खुणा तिथेच नोंदवाव्यात आणि जोडणी परत आली की सर्व्हरला कळवाव्यात. गिऱ्हाइकांनी ऑर्डरबरोबर लिहिलेल्या सूचना या पडद्यावर दिसणार आहेत, म्हणून त्या नेहमी निव्वळ मजकूर म्हणूनच दाखवाव्यात. कोणी सूचनेच्या जागी स्क्रिप्ट लिहून पाठवली आणि तुम्ही ती जशीच्या तशी पानात घातली, तर ती गटाच्या टॅबलेटवर, गटाच्या अधिकारांनिशी चालेल. डेटाबेसला विचारणा करतानाही गिऱ्हाइकाचे शब्द वाक्यात चिकटवू नयेत. वाक्य आधी तयार ठेवून ते शब्द त्याला वेगळे द्यावेत.

तर तुमच्या जागी मी असते तर काय केले असते? मुंबईत सर्व्हर असलेले साधे होस्टिंग, पीएचपी आणि मायएसक्यूएल हा डेटाबेस घेतला असता. पदार्थांचे पान, ऑर्डरचा फॉर्म आणि पोच ही तिन्ही पाने सर्व्हरवर तयार केली असती, आणि ती जावास्क्रिप्टशिवायही चालतील हे पाहिले असते. त्यावर दोन-तीनशे ओळींची साधी जावास्क्रिप्ट घातली असती: बेरीज, पिन कोड, अंकांचे रूपांतर, बटण निष्क्रिय करणे. रिॲक्ट घेतले नसते, कारण पुढच्या वर्षी हे काम ज्याच्या हाती येईल त्याला ते उघडून वाचता आले पाहिजे. गटाचा पडदा पहिल्या वर्षी साध्या पानाचाच केला असता आणि महिलांना तो चार दिवस वापरू देऊन मगच ठरवले असते की त्यात किती जावास्क्रिप्ट हवी.

वेबसाइट खुली करण्याआधी दोन चाचण्या स्वतः करा. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जावास्क्रिप्ट बंद करून मराठी पत्त्यासह एक ऑर्डर शेवटपर्यंत नोंदवून पाहा. मग जावास्क्रिप्ट चालू करून एफ-१२ दाबा, फॉर्ममध्ये सापडेल तो प्रत्येक आकडा बदला, चकली उणे पाच किलो मागा, मुदत संपल्यावर फॉर्म पाठवा, आणि पोचेवर कोणती रक्कम येते ते पाहा. उणे किलोची ऑर्डर पक्की झाली किंवा भाव जरासाही हलला, तर त्या फॉर्ममागची सर्व्हरची स्क्रिप्ट मला दाखवा. मी वाचून देईन.